जोड धरला का?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर 'मोजमाप' हा शब्द दोनच वेळा ऐकू येतो. एकदा मेसमध्ये, पोळ्या मोजून वाढल्या जातात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा सबमिशनच्या आदल्या रात्री, 'अरे, तुझी एस्टिमेटिंगची फाईल दे ना' असं म्हणत कोणीतरी दार वाजवतं तेव्हा. ती फाईल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या विंगमधून खालच्या मजल्यावर अशी फिरते आणि सकाळपर्यंत वीसेक जणांच्या बीमचं घनफळ दशांश चिन्हापर्यंत सारखं येतं! मूळ फाईलवाल्यानं चूक केली असेल तर तीही वीस जणांकडे प्रामाणिकपणे उतरते.

मागच्या वर्षी ती मूळ फाईल माझी होती. दत्तांचं पुस्तक मी पहिल्या पानापासून सोडवलं होतं. पेपरात 71 गुण पडले. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा माझी छाती जरा जास्तच पुढे आलेली होती. ती परत जागेवर कशी आली, त्याची ही गोष्ट.

माझं गाव आसेगाव. अमरावती जिल्ह्यातलं आसेगाव पूर्णा नाही, आमचं वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. 1998 साली अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, त्यामुळे आमचे वडील अजूनही बोलता बोलता 'जिल्ह्याला जाऊन येतो' म्हणतात आणि अकोल्याची गाडी पकडतात. गावाला काळी कसदार जमीन आहे. सोयाबीन, तूर, कापूस चांगला येतो. पण तीच काळी माती बांधकामवाल्याच्या जिवावर उठते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आमच्याकडे पाया खोल घ्यावा लागतो.

सुट्टीत गावात एक सरकारी काम चालू होतं. तीन खोल्या एका ओळीत आणि समोर व्हरांडा. लांबी 19 मीटर, रुंदी व्हरांड्यासकट 8.70 मीटर. ठेकेदार वडिलांच्या ओळखीचे. त्यांना आम्ही काका म्हणतो. वडिलांनी शब्द टाकला, काका म्हणाले, "येऊ द्या पोराले. इंजिनिअर होऊन राह्यला तर आमच्या कामाचं मोजमाप तरी लिहीन." अशा रीतीने मी रोज तीनशे रुपये आणि दोन वेळचा चहा यावर साईटवर रुजू झालो.

माझं काम दोन प्रकारचं होतं. खात्याच्या साहेबांनी मोजमाप घेतलं की त्याची नक्कल काकांच्या वहीत उतरवायची, आणि मजुरांची बिलं काढायला स्वतंत्र मोजमाप करून ठेवायचं. सेंट्रिंगवाल्याला फुटावर, गवंड्याला ब्रासवर आणि लोखंड बांधणाऱ्याला किलोवर पैसे. म्हणजे माझ्या वहीत जो आकडा पडेल, त्यावर शनिवारी कुणाच्या तरी घरी बाजार जायचा. हे तेव्हा माझ्या डोक्यात अजिबात आलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी आपटलो. स्लॅबच्या खालचे बीम 230 बाय 450 मिलिमीटरचे होते आणि स्लॅब 125 मिलिमीटरचा. मी ड्रॉइंग पाहून झटकन लिहिलं: लांबी 18.08, रुंदी 0.23, खोली 0.45. लांबीतून चार कॉलमची जाडी वजा केली होती, म्हणून मी स्वतःवर खूष. त्या दिवशी शाखा अभियंता साहेब आले होते. शांत माणूस, पांढरी टोपी, खिशाला दोन पेन. त्यांनी माझी वही पाहिली आणि विचारलं, "स्लॅब कुठून मोजला?"

"पूर्ण मोजला सर. एकोणीस गुणिले आठ सत्तर."

"मग बीमच्या डोक्यावरचा साडेबारा सेंटिमीटर काँक्रीट दोनदा धरला ना."

मी गप्प. बीमची खोली स्लॅबच्या तळापासून धरायची असते, 0.45 नाही, 0.325. हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं! हिशेब केला. एका ओळीत 0.52 घनमीटर जास्त, तीन ओळींत 1.56 घनमीटर. ब्रासमध्ये सांगायचं तर अर्ध्या ब्रासहून जास्त काँक्रीट मी कागदावर हवेत ओतलं होतं. शंभर घनफुटांचा ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर; वर्गात कुणी ब्रास शिकवत नाही आणि साईटवर कुणी घनमीटर बोलत नाही. रेतीचा ट्रॅक्टरवाला तर घनमीटर म्हटलं की आपल्याकडे संशयानं पाहतो.

साहेब म्हणाले, "मोजमापाचा एकच मंत्र लक्षात ठेव. प्रत्येक कोपरा एकदाच मोजायचा. दोनदा नाही, आणि शून्य वेळाही नाही."

त्यातला दुसरा अर्धा भाग मला पुढे महागात पडला.

त्यानंतर मी जरा सावध झालो. साहेबांसोबत टेप धरून फिरायचो, त्यांचं पाहायचो. भारतीय मानक 1200 हे आपल्याला विषयात असतं. त्याचा दुसरा भाग काँक्रीटचा, 1974 सालचा. आपण तो 'चार गुणांची टीप' म्हणून पाठ करतो. पण त्यामागे किती व्यवहार आहे ते तिथे समजलं. लांबी-रुंदी एक सेंटिमीटरपर्यंत मोजायची, पण स्लॅबची जाडी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत. का? कारण स्लॅब पसरलेला असतो. आमच्या स्लॅबचं क्षेत्रफळ 165 चौरस मीटर. जाडीत एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला की दीड घनमीटरहून जास्त फरक पडतो. 0.1 चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, कारण तेवढं भोक सोडायला काँक्रीट वाचतं त्याहून मेहनत जास्त लागते. आणि काँक्रीटमधून लोखंडाची जागा वजा करायची नाही. लोखंड वेगळं, वजनावर मोजायचं. बांधायची बारीक तार मात्र वेगळी मोजायची नाही, ती दरात धरलेली असते.

एकदा मी साहेबांची मोजमाप पुस्तिका हातात घेतली. आपण जिला एम.बी. म्हणतो ती. साधी जाड बांधणीची वही. पण प्रत्येक पानाला छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, शाईनंच लिहायचं, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करून तारीख टाकायची. मी म्हटलं, "सर, व्हाइटनर नाही चालत?" साहेब पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "व्हाइटनर लावलं की चूक दिसत नाही. आणि चूक दिसली नाही की लोकांना वाटतं, लपवली. रेघ मारलेली चूक ही चूक नसते, ती दुरुस्ती असते." काही खात्यांत आता हीच पुस्तिका संगणकावर आली आहे. तिथेसुद्धा कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद राहते. म्हणजे रेघ बदलली, नियम तोच.

आता मामांबद्दल.

लोखंड बांधण्याचं काम आमच्या गावातल्या एका माणसाकडे होतं. ते आईच्या माहेरचे, म्हणून आम्ही मामा म्हणतो. नातं काही नाही. वय पंचावन्नच्या पुढे, हाताला कायम गंजाचा वास, आणि कमरेला तार पिळायचा आकडा. शाळा चौथीपर्यंत. सोबत त्यांचा मुलगा आणि पुतण्या. किलोला 10 रुपये दर ठरला होता. त्यात सळई कापणं, वाकवणं, रिंगा बनवणं, वर चढवणं आणि बांधणं सगळं आलं. मे महिन्यात बारा वाजता सळई हातात धरून पाहा, म्हणजे दहा रुपये किती होतात ते कळेल. मामा हाताला ओलं फडकं गुंडाळून काम करायचे.

मी ड्रॉइंगवरून सळ्यांची यादी काढत होतो. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किलो. 8 मिलिमीटरला 0.395, 10 ला 0.617, 16 ला 1.58. हे सूत्र आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. सळईची लांबी म्हणजे बीमची लांबी वजा दोन बाजूंचं कव्हर, अधिक दोन बाजूंचे बेंड. रिंगांची संख्या म्हणजे लांबी भागिले अंतर अधिक एक. सावलीत खुर्ची टाकून मी दोन दिवसांत यादी संपवली. सुंदर अक्षर, तक्ते, खाली बेरीज: 3,912 किलो.

मामांना मी ती वाचून दाखवली. ते उकिडवे बसून ऐकत होते. बेरीज ऐकल्यावर थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढंच झालं काय?"

"हो मामा. ड्रॉइंगवरून काढलंय, एकेक सळई मोजून."

"बरं." आणि त्यांनी खाली सही केली. सही म्हणजे नाव, एकेक अक्षर वेगवेगळं, काळजीपूर्वक.

स्लॅबच्या आदल्या दिवशी साहेब लोखंड तपासायला आणि मोजायला येणार होते. नेमकं त्याच दिवशी काकांनी मला कव्हर ब्लॉक आणायला मंगरूळपीरला पाठवलं. एस.टी. उशिरा, दुकानदार जेवायला गेलेला. परत येईपर्यंत साहेब मोजमाप घेऊन गेले होते. माझं काय अडलं, असं मला वाटलं. माझी यादी तर तयारच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्लॅब सुरू झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा गावाकडचा स्लॅब जरूर पाहावा. मिक्सरचा घरघराट, घमेल्यांची साखळी, बायका, पोरं, गिट्टीची धूळ, मध्येच नारळ आणि संध्याकाळी सगळ्यांना पोहे-जिलेबी. मामा दिवसभर वरच होते. कुणाचा पाय सळईवर पडून जाळी दबली की हाकडून उचलायचे आणि खाली ब्लॉक सरकवायचे. संध्याकाळी सहाला शेवटचा कोपरा भरला. चार टन लोखंड आत गेलं आणि वर राखाडी सपाट पाट राहिला. आत काय आहे ते आता कुणालाही दिसणार नव्हतं. पुढे दहा दिवस आम्ही स्लॅबवर आळी करून पाणी भरलं. विहिरीला पाणी कमी, म्हणून टँकर आणला. पण साहेबांनी पाण्यात सूट दिली नाही.

पंधरा दिवसांनी काका मला म्हणाले, "चाल, ऑफिसात जाऊ. पुस्तकावर सही करायची आहे. तू आकडे उतरवून घे." ठेकेदाराला मोजमाप मान्य असल्याची सही द्यावी लागते. मी पान उलटत उतरवत गेलो. काँक्रीट जुळलं. मला आनंद झाला. मग लोखंड आलं. बेरीज: 4,043 किलो.

माझी 3,912. फरक 131 किलो.

पहिल्यांदा वाटलं, साहेबांची चूक असणार! (71 गुणांची नशा अशी असते.) रात्री घरी बसून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. रिंगा जुळल्या. फुटिंगची जाळी जुळली. स्लॅबच्या आडव्या सळ्या जुळल्या. मग लांब सळ्यांवर आलो आणि साहेबांच्या यादीत प्रत्येक ठिकाणी एक वेगळी ओळ दिसली: 'जोड'.

अंगावर काटा आला. सळई बारा मीटरची येते. आमची इमारत एकोणीस मीटर. मग बीमची सळई एका तुकड्यात जाणार कशी? जोड द्यावाच लागतो, आणि जोडात दोन सळ्या एकमेकींना चिकटून काही अंतर सोबत जातात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: जोडाची लांबी व्यासाच्या 50 पट. म्हणजे 16 च्या सळईला 80 सेंटिमीटर. मी एकोणीस मीटरची अखंड सळई मोजली होती, जी जगातल्या कोणत्याही ट्रकमधून आमच्या गावात आली नसती.

हिशेब मांडला. तीन ओळींचे वरचे बीम आणि तीन ओळींचे प्लिंथ बीम, प्रत्येकात चार सळ्या, एकेक जोड: 24. बारा कॉलम, प्रत्येकात सहा सळ्या, प्लिंथच्या वर एकेक जोड: 72. एकूण 96 जोड गुणिले 0.80, म्हणजे 76.80 मीटर, वजन 121.3 किलो. स्लॅबमधल्या लांब दिशेच्या 8 मिलिमीटरच्या 59 सळ्या, प्रत्येकी 40 सेंटिमीटर जोड, 9.3 किलो. बेरीज 130.6. बाकी पूर्णांकाचा फरक. जुळलं!

मला ही चूक का झाली, ते मी बराच वेळ शोधत होतो. मग दत्तांचं पुस्तक आणि माझी ती फिरलेली फाईल आठवली. आम्ही सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणात बीम चार-पाच मीटरचा होता. तिथे जोड येतच नाही. जे उदाहरणात आलं नाही ते माझ्या जगातच नव्हतं. साहेबांचा मंत्र मी अर्धाच ऐकला होता. दोनदा मोजू नये हे मला पटलं होतं. शून्य वेळाही मोजू नये, हे कानावरून गेलं.

131 किलो, दहा रुपयांनी 1,310 रुपये. पुस्तकात हा आकडा हास्यास्पद आहे. पण मामांच्या तिघांच्या टोळीत तो साधारण एका पूर्ण दिवसाचा घाम होता.

सकाळी मी काकांकडे गेलो. जरा उत्साहातच. म्हटलं, "काका, चूक सापडली. माझ्याच वहीत आहे. मामांचं 131 किलो कमी धरलं गेलं."

काका चहा पीत होते. म्हणाले, "मंग?"

"मग त्यांचे तेराशे दहा रुपये वाढवावे लागतील."

"कायले? त्यानं सही केली ना तुह्या वहीवर? त्याले मान्य आहे, मले मान्य आहे. तुले काय तरास होऊन राह्यला?"

"पण काका, खात्याकडून आपल्याला जोडाचे पैसे मिळणार आहेत. साहेबांच्या पुस्तकात आहेत ते."

"मिळतीन तवा मिळतीन! मागचं बिल चार महिने झाले अडकलं. लोखंडवाल्याचं व्याज कोण देते, तू का त्याचा मामा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाय बाबू. तू हुशार आहेस. धंद्यात कुठं कमी होते, कुठं जास्त होते. इकडचं तिकडं भरून निघते. वही बंद कर आता."

खरं सांगतो, मित्रांनो, काका वाईट माणूस नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीला कमी पडले तेव्हा त्यांनीच वडिलांना हातउसने दिले होते. ते परत फिटलेही नव्हते. आणि तेच माझ्या डोक्यात घोळत होतं. बोललो तर वडिलांना अडचण. नाही बोललो तर कुणालाच काही कळणार नाही. स्लॅब पडलेला. जोड आत गाडलेले. सही झालेली. एवढी सुरक्षित चूक आयुष्यात पुन्हा मिळणार नाही!

दोन दिवस मी साईटवर गेलो आणि मामांची नजर चुकवली. ते दुसऱ्या बाजूला पॅराफिटच्या सळ्या वाकवत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली, डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला. तो घास माझ्या घशाखाली उतरेना. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, "त्यांचे पैसे मी पाहतो. तुह्या वहीचं तू पाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार, पगाराचा दिवस. सगळे जमले होते. मी वही उघडली आणि 3,912 वर एक आडवी रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी. वर 4,043 लिहिलं, सही केली, तारीख टाकली. हात थोडा थरथरला, कारण काका समोरच होते. मग सगळ्यांसमोर वाचलं: "मामांच्या लोखंडात माझी चूक झाली होती. मी जोड धरले नव्हते. शहाण्णव मोठे, एकोणसाठ लहान. 131 किलो वाढले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत ते काही बोलले नाहीत. पाकिटातून पैसे मोजले आणि मामांच्या हातावर ठेवले. मग मला म्हणाले, "झालं समाधान?" आणि गाडीला किक मारून निघून गेले. पुढच्या सोमवारपासून मला कामावर बोलावलं नाही. वडिलांनी तूर विकून त्यांचे पैसे पुढच्या महिन्यात फेडले. आता दोघे पुन्हा एकत्र चहा घेतात; माझा विषय काढत नाहीत.

त्या संध्याकाळी मी मामांसोबत चालत घरी आलो. मला एक गोष्ट छळत होती. विचारलं, "मामा, तुम्हाला कळलं नव्हतं का? एवढे जोड तुम्ही स्वतः बांधले."

ते चालत राहिले. म्हणाले, "मले मालूम होतं. जोड मी बांधतो अन् मले नाही मालूम? भितीवर कोयशानं रेघा मारल्या होत्या मी. शहाण्णव होत्या. लहान मी मोजल्याच नाही."

"मग बोलले का नाही?"

"तू लिवलं होतं ना." ते थांबले. "म्हटलं, शिकलेला पोरगा आहे, गावातला आहे. त्याच्या शिक्षणात जोड धरतच नसतीन."

यावर मला काहीही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

मित्रांनो, दर 15 सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो. 1884 साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पहिली नेमणूक नाशिकला होती, हे निबंधात लिहितो. आपल्यातले बरेच जण त्याच वाटेनं, कुणी खात्यात, कुणी ठेकेदाराकडे, कुणी सल्लागाराकडे जातील. धरण, पूल सगळ्यांच्या नशिबी येतील असं नाही. पण टेप आणि वही प्रत्येकाच्या हातात पहिल्याच दिवशी येईल. आणि समोर असा एखादा माणूस उकिडवा बसलेला असेल, जो आपला आकडा ऐकून 'एवढंच झालं काय?' असं एकदाच विचारेल. त्याला उत्तर देण्याआधी उठून, सावलीतून बाहेर जाऊन, त्या सळ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या. काँक्रीट पडायच्या आधी. नंतर पाहायला काही उरत नाही.

निघायच्या दिवशी मामा बसस्टँडवर भेटले. म्हणाले, "पुढच्या टायमाले मी बांधतो तवाच ये. मी बोलतो, तू लिव." मी हो म्हटलं. दिवाळीत गेलो, तेव्हा शेजारच्या गावात त्यांचं एक काम चालू होतं. दोन दिवस त्यांच्यासोबत बसलो. मचाणावर उन्हात बसून काढलेली ती माझी पहिली यादी, जिच्यात एकही सळई बारा मीटरहून लांब नव्हती.

असो. परवा ज्युनिअर्सनी दार वाजवलं. "सर, एस्टिमेटिंगची फाईल?" दिली. आपल्या होस्टेलची परंपरा आहे, मी कोण मोडणारा! फक्त देण्याआधी पहिल्या पानावर लाल शाईनं तीन शब्द लिहिले. वीस जणांनी ती फाईल उतरवली आणि ते तीन शब्दही वीस जणांनी उतरवले, अर्थ न विचारता. सरांनी तपासताना मला बोलावून विचारलं, "हे काय रे, सगळ्यांच्या फाईलवर? 'जोड धरला का?'"

मी म्हटलं, "सर, सांगतो. जरा मोठी गोष्ट आहे."

तीच इथे लिहिली.

– अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी